मांजराला कॅरियरची आणि दवाखान्याची भीती वाटते तेव्हा

तुमच्या प्रश्नातील परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. इंदिरानगरमधील तुमच्या फ्लॅटमध्ये मनी ही चार वर्षांची मांजरी आणि तिच्यापेक्षा लहान असा एक बोका आहे. कॅरियर एरवी माळ्यावर असते आणि ते खाली काढल्याचा आवाज आला की मनी दिवाणाखाली शिरते. मागच्या लसीकरणाच्या वेळी तिला चादर टाकून पकडावे लागले, अ‍ॅक्टिव्हावरून नेताना तिने कॅरियरमध्येच लघवी केली, तपासणीच्या टेबलावर ती फिस्कारत राहिली आणि शेवटी तुमच्या हाताला चावली. त्यानंतर यंदाच्या लसीची तारीख उलटून गेली आहे. घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला एवढा त्रास द्यायचाच कशाला, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मनीला चटकन कॅरियरमध्ये घालण्याची युक्ती कोणती, झोपेची गोळी देता येईल का, आणि डॉक्टरांना घरी बोलावून हे सगळे टाळता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षे कुत्र्या-मांजरांवर उपचार करतो आणि चटकन घालण्याच्या युक्तीबद्दल मला जवळजवळ प्रत्येक मांजर पाळणाऱ्याने विचारले आहे. तशा युक्त्या आहेत आणि त्यांतील एक मी पुढे तातडीच्या प्रसंगासाठी सांगणारही आहे. परंतु मनीच्या बाबतीत त्यांनी काम होणार नाही. कॅरियर वर्षातून एकदाच दिसते, ते दिसले की पळापळ होते, मग अंधार, हादरे, हॉर्न, कुत्र्यांचा वास आणि सुई, असा क्रम मनीच्या अनुभवात पक्का बसला आहे. तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा नाही. तिच्यापुढे जेवढा पुरावा आला त्यावरून तो अगदी बरोबर आहे. अशा वेळी आपण जितक्या चपळाईने तिला पकडू तितका तिचा निष्कर्ष घट्ट होतो आणि पुढच्या वेळी ती आणखी लवकर, आणखी अवघड जागी लपते. म्हणून पकडण्याची पद्धत सुधारण्याआधी कॅरियर कशाची सूचना देते ते बदलावे लागते. भीती दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही, ती माळ्याचे दार उघडण्याच्या आवाजाला सुरू होते, आणि उपायही तिथूनच सुरू करावा लागतो.

घरच्यांच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण गरजच पटली नाही तर पुढची मेहनत कोणी करणार नाही. लस ज्याविरुद्ध देतात त्या पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू अतिशय चिवट असतो. घरातील वातावरणात तो महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकतो आणि आपल्या चपलांबरोबर, कपड्यांबरोबर घरात येऊ शकतो. रेबीजचे म्हणाल तर गॅलरीतून आत आलेले एखादे भटके मांजर किंवा चुकून उघडे राहिलेले दार एवढे पुरेसे असते, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही. याखेरीज मांजर दुखणे लपवते. किडनीचा जुना आजार, दातांच्या मुळांचे दुखणे, वाढत्या वयातील थायरॉइडचे विकार यांची सुरुवात घरी बसून ओळखता येत नाही. वजन थोडे घटले आहे हे काट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही. दवाखान्याची भीती म्हणून ज्या मांजरांना वर्षानुवर्षे आणले जात नाही, ती माझ्याकडे येतात तेव्हा आजार बहुधा पुढे गेलेला असतो.

भीतीमुळे तपासणीचे निकालही बिघडतात. घाबरलेल्या मांजराच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, उन्हातून रिक्षाने आलेल्या मांजराचे तापमानही वाढलेले दिसते, आणि सतत गुरकावणाऱ्या मांजराची छाती स्टेथोस्कोपने नीट ऐकताच येत नाही. रक्तातील साखर तर निव्वळ तणावाने ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. तेवढ्या एका आकड्यावर विसंबले तर धडधाकट मांजराला मधुमेही ठरवले जाईल. म्हणूनच अशा वेळी आम्ही फ्रुक्टोसामाइन ही तपासणी सांगतो, कारण ती साधारण गेल्या दोन-तीन आठवड्यांतील साखरेचा अंदाज देते. मांजर शांत असावे हा आग्रह लाडापायी धरलेला नाही. निदान बरोबर यावे यासाठीही ते आवश्यक आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पिल्लाचा दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ नव्या गोष्टी स्वीकारण्याचा असतो. त्या काळात माणसांचे हात आणि हलकेफुलके प्रवास अनुभवलेली मांजरे पुढे कमी बिचकतात. रस्त्यावरून मोठेपणी घरात आलेल्या मांजराला हा लाभ मिळालेला नसतो आणि त्याच्या बाबतीत अपेक्षा बेतानेच ठेवाव्या लागतात. वयस्क मांजर उचलले की ओरडत असेल तर ती भीती नसून सांध्यांचे दुखणे असू शकते, आणि तिथे आधी वेदनेवर उपचार हवा. तुमच्या हातात वेळ किती आहे, हाही मोठा प्रश्न आहे. मनी आज खातेपिते आहे आणि फक्त लस राहिली आहे, असे गृहीत धरून मी पुढे लिहितो. ती आजारी असती तर सराव वगैरे बाजूला ठेवून तिला आजच घेऊन या, असे सांगितले असते.

कॅरियरच्या निवडीपासून सुरुवात करू. मला सर्वांत उपयोगी वाटते ते टणक प्लॅस्टिकचे, ज्याचा वरचा अर्धा भाग क्लिपा किंवा स्क्रू काढून वेगळा करता येतो आणि ज्याला समोरच्या दाराशिवाय वरूनही दार असते. असे कॅरियर असले की मांजराला दारातून ओढून काढावे लागत नाही. वरचे झाकण काढले की ते खालच्या टोपलीतच बसून राहते आणि आमची बरीचशी तपासणी तिथेच होते. आकार असा असावा की मांजर आत उभे राहू शकेल, वळू शकेल आणि आडवे होऊ शकेल. फार मोठ्या कॅरियरमध्ये ते वळणावर घसरत राहते. पाठीवर अडकवायच्या, पारदर्शक घुमट असलेल्या बॅगा हल्ली फार दिसतात. घाबरलेल्या मांजराला जगापासून आडोसा हवा असतो आणि त्या घुमटात त्याला सर्व बाजूंनी उघडे पाडले जाते. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात आतली हवा लवकर तापते. मी त्या सुचवत नाही. भाजीची पिशवी, उशीचा अभ्रा किंवा दोरीने बांधलेले खोके यांतून मांजर निसटून रस्त्यावर हरवते, आणि हे आपल्या शहरात वारंवार घडते. दोन मांजरे असतील तर दोन कॅरियर घ्यावीत, मग ती दोघे घरी कितीही गळ्यात गळे घालून झोपत असोत.

तुमच्या जुन्या कॅरियरमध्ये मनीने लघवी केली होती. भीतीने केलेल्या लघवीचा वास आपल्याला जाणवेनासा झाला तरी तिला तो जाणवतो. ते साबणाने आणि भरपूर पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि फिनाईल मात्र अजिबात वापरू नका, कारण फिनाईलमधील घटक मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही आणि ते त्याला विषारी ठरतात. धुऊनही मनी त्याच्या जवळ फिरकत नसेल तर वेगळ्या रंगाचे, वेगळ्या आकाराचे नवे कॅरियर घेणे हा खर्च वाया जाणारा नाही. नव्या वस्तूशी जुन्या आठवणी जोडलेल्या नसतात.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यालाच सर्वाधिक वेळ द्यावा. कॅरियर माळ्यावरून कायमचे खाली आणा. मनीला जिथे बसायला आवडते त्या खोलीत, भिंतीला टेकवून, येण्याजाण्याच्या वाटेपासून थोडे बाजूला, फक्त त्याचा खालचा अर्धा भाग ठेवा. त्यात ती ज्यावर झोपते ती गोधडी किंवा तुमचा एखादा वापरलेला सुती कपडा अंथरा. पहिले काही दिवस याहून अधिक काही करू नका. तिला बोलावू नका, उचलून आत ठेवू नका, ती जवळ गेली म्हणून घरातल्यांनी गलका करू नका. ती जवळून निर्धास्त जाऊ लागली की तिच्या आवडीचा खाऊ टोपलीच्या जवळ, मग काठावर आणि मग आत ठेवायला लागा. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या कोंबडीचे तुकडे किंवा ट्यूबमधून चाटवण्याची ट्रीट बहुतेक मांजरांना चालते. सुकटीचे वेड असलेली मांजरेही पुष्कळ आहेत, पण तिच्यात मीठ फार असते, म्हणून ती चिमूटभरच द्यावी आणि किडनीचा आजार असेल तर देऊच नये. हा खाऊ एरवी बंद ठेवून फक्त कॅरियरपाशीच दिलात तर त्याची किंमत वाढते.

ती आत बसून शांतपणे खाऊ लागल्यावर वरचा भाग बसवा, दाराशिवाय. त्यानंतर दारही जागेवर बसवा, पण ते उघडेच राहू द्या. पुढे ती खात असताना दार क्षणभर लोटा आणि ती खाणे संपवण्याआधीच उघडा. हा क्षण हळूहळू वाढवत मिनिटांपर्यंत न्या. मग दार बंद असताना कॅरियर जमिनीपासून वीतभर उचला आणि खाली ठेवा, पुढे हॉलमधून गॅलरीपर्यंत चार पावले चाला, नंतर जिन्यापर्यंत किंवा लिफ्टमध्ये जा, आणि शेवटी उभ्या असलेल्या गाडीत थोडा वेळ बसून परत या. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी खाऊ आणि सुटका. पुढच्या टप्प्याला जाण्याची कसोटी एकच आहे: मांजर आत्ताच्या टप्प्यावर मोकळेपणाने खाते आहे का. आवडता खाऊ समोर असूनही ते खात नसेल, कान बाजूला पडले असतील, बाहुल्या मोठ्या झाल्या असतील, अंग जमिनीला चिकटवून शेपूट वेढून घेतले असेल किंवा ते पुन्हा पुन्हा ओठ चाटत असेल, तर आपण घाई केली आहे. एक टप्पा मागे या. मांजर घुरघुरत असले की ते सुखातच आहे असे समजू नका. वेदनेत आणि भीतीतही मांजरे घुरघुरतात, म्हणून सगळे अंग पाहावे. सरावाची वेळ जेवणाच्या आधीची ठेवा, दर वेळी दोन-तीन मिनिटेच द्या आणि ती कंटाळण्याच्या आत थांबा.

याला किती दिवस लागतील, हे मांजरावर अवलंबून आहे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ मांजरांपैकी निम्म्यांना साधारण सहा आठवड्यांत २८ छोट्या सत्रांमधून असाच सराव दिला होता. सराव मिळालेली मांजरे गाडीत कमी तणावाखाली होती आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. मांजरांची संख्या लहान असली तरी त्यांचा निष्कर्ष माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळतो. मनीला आधीचा वाईट अनुभव आहे, त्यामुळे दीड-दोन महिने धरून चाला. एखादे मांजर आठवड्यात तयार होते आणि एखादे दार बंद करण्याच्या टप्प्यावर अडून बसते. अडलेल्या मांजराच्या बाबतीत औषधाची जोड द्यावी लागते आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मांजर गाल घासून ज्या गंधाची खूण वस्तूंवर ठेवते, त्या गंधाची कृत्रिम नक्कल असलेले फेरोमोन फवारे बाजारात मिळतात. ते वापरायचे असतील तर कॅरियरमधील कपड्यावर निघण्याच्या पंधरा मिनिटे आधी मारा, म्हणजे त्यातील अल्कोहोलचा उग्र वास उडून जाईल. त्यांच्या परिणामाबद्दलचे पुरावे संमिश्र आहेत. सरावाला जोड म्हणून हरकत नाही, सरावाऐवजी नाही. जवळ फवारा नसेल तर स्वच्छ सुती रुमाल तिच्या गालांवरून हलकेच फिरवा आणि तो कॅरियरमध्ये ठेवा. यासाठी पैसेही लागत नाहीत.

आता प्रवास. इंदिरानगरहून कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडकडे जायचे म्हणजे मुंबई नाक्याची गर्दी, आणि पलीकडे नाशिकरोडला जायचे तर द्वारका चौकाची कोंडी. सकाळी लवकरची किंवा दुपारची कमी वर्दळीची वेळ घेतलीत तर निम्मा आवाज टळतो. मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी उंच स्वरातले आवाज ऐकू येतात. आपण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, ते त्याच्या तिप्पट आणि त्याहूनही पुढे ऐकते. म्हणजे करकचून लागलेल्या ब्रेकचा जो आवाज आपल्याला नुसता कर्कश वाटतो, तो त्याला सहन करण्यापलीकडचा असू शकतो. गणेशोत्सवात ढोलपथकांच्या सरावाच्या वेळा आणि मिरवणुकीचे दिवस टाळून तारीख घ्यावी, हे मी आवर्जून सांगतो.

वाहनांमध्ये शक्य असेल तर कार, नाहीतर रिक्षा, आणि दुचाकी अगदीच इलाज नसेल तर. अ‍ॅक्टिव्हाच्या पायापाशी ठेवलेले कॅरियर प्रत्येक गतिरोधकावर उसळते, धूर आणि हॉर्न थेट त्याच्या उंचीवर येतात आणि चालवणाऱ्याचे लक्षही त्याच्याकडेच राहते. कारमध्ये टणक कॅरियर पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवण्याच्या जागेत ठेवावे. तिथे ते घट्ट बसते. रिक्षात ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी खालून धरावे. चालतानाही कॅरियर हँडलला लोंबकळत नेऊ नका; ते छातीशी, तळाला हात देऊन धरले तर आतले मांजर पायरीगणिक आपटत नाही. वरून पातळ टॉवेल टाका, पण हवा जाण्याच्या जागा मोकळ्या ठेवा. उन्हाळ्यात दहाच्या आत निघा आणि बंद गाडीत मांजराला एकटे सोडून पाच मिनिटेही कुठे जाऊ नका. निघण्याआधी तीन-चार तास जेवण दिले नाही तर उलटीचा त्रास कमी होतो आणि दवाखान्यात खाऊची भूकही राहते. लहान पिल्लांना आणि मधुमेही मांजरांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नये. ती वाटेत कितीही ओरडली तरी दार उघडून तिला कुशीत घेऊ नका. चालत्या रिक्षातून उडी मारलेले मांजर पुन्हा सापडेलच असे नाही.

दवाखान्याशी आदल्या दिवशी फोनवर बोला. मांजर घाबरट आहे, मागच्या वेळी चावले होते, गर्दी नसलेली वेळ द्यावी आणि नंबर येईपर्यंत आम्ही गाडीत थांबू, एवढे स्पष्ट सांगितले तर बहुतेक डॉक्टर सहकार्य करतात, कारण त्यांचेही काम सोपे होते. मांजरांसाठी स्वतंत्र प्रतीक्षागृह आपल्याकडे फारच थोड्या दवाखान्यांत आहे. वेळ बदलून मागायला मात्र काही खर्च येत नाही. आत थांबावेच लागले तर कॅरियर जमिनीवर ठेवू नका. खुर्चीवर किंवा मांडीवर, झाकलेले आणि कुत्र्यांकडे पाठ करून ठेवा.

तपासणीच्या खोलीत गेल्यावर कॅरियरचे दार उघडून काही मिनिटे तिला तशीच राहू द्यावे. ती आपणहून बाहेर आली तर उत्तम. नाही आली तर वरचा भाग काढून खालच्या टोपलीतच तपासावे. मानेची कातडी पकडून मांजराला उचलण्याची किंवा दाबून ठेवण्याची पद्धत अजूनही ठिकठिकाणी दिसते. पिल्लाला त्याची आई तशी उचलते, हे त्याचे समर्थन पुरेसे नाही. मोठे मांजर त्या पकडीत थिजते आणि ते थिजणे म्हणजे शांत होणे नव्हे. मांजरांच्या पशुवैद्यकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली एकत्रितपणे दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही या पकडीच्या विरोधात आहेत. टॉवेलची सैल गुंडाळी करून फक्त हवा तेवढाच भाग बाहेर काढणे, डोके झाकलेले ठेवणे, डोळ्यांत डोळे घालून न पाहणे आणि सुई देताना समोर ट्रीट चाटायला देणे, एवढ्यावर बरेच काम होते. हे सगळे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मांजर हाताबाहेर जाऊ लागले आणि काम तातडीचे नसेल तर त्या दिवशी थांबा. चौघांनी दाबून धरून दिलेल्या लसीची किंमत पुढच्या प्रत्येक भेटीत मोजावी लागते.

टेबलावर मांजराला तुम्ही स्वतः धरू नका. घाबरलेले मांजर समोर असलेल्या हाताला चावते, तो कोणाचा आहे हे पाहत नाही. तुमच्या हाताला झालेल्या चाव्याबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे, परंतु ती गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, वरून जखम लहान दिसते आणि आत जंतुसंसर्ग होतो. कोणत्याही चाव्यानंतर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, आणि रेबीजच्या लसीचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

झोपेच्या गोळीच्या प्रश्नाकडे येतो. माणसांची झोपेची किंवा तापाची कोणतीही गोळी तिला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. भीती कमी करणारी औषधे मात्र आहेत आणि ती योग्य रीतीने वापरली तर मांजराचे भलेच करतात. माझ्या वापरातील मुख्य औषध गॅबापेंटिन आहे. ते निघण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी थोड्या अन्नात मिसळून देतात. फार घाबरणाऱ्या मांजराला आदल्या रात्रीही एक मात्रा देतात. मात्रा वजनावर ठरते आणि किडनीचा आजार असेल तर ती कमी करावी लागते, म्हणून ते तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच द्यावे. त्याच गटातील प्रीगॅबालिन या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली मांजरांच्या प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीसाठीच मान्यता दिली आहे. माझा आग्रह असा की भेटीच्या दिवशी पहिल्यांदा औषध देऊ नये. आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन परिणाम पाहावा. काही मांजरे झोपाळू होतात, काहींची चाल अडखळते, म्हणून त्या दिवशी त्यांना उंच कपाटावर किंवा गॅलरीच्या कठड्यावर चढू देऊ नये. ज्या औषधाने शरीर सुस्त पडते पण आतली भीती तशीच राहते, असे औषध एकटे वापरणे मला पटत नाही. पाहणाऱ्याला मांजर शांत वाटते आणि ते मात्र सर्व काही अनुभवत असते.

डॉक्टरांना घरी बोलावण्याचा पर्याय काही मांजरांसाठी चांगला आहे, विशेषतः वयस्क आणि अंथरुणाला खिळलेल्या मांजरांसाठी. लस घरी देता येते. परंतु एक्स-रे, सोनोग्राफी, सलाईन आणि शस्त्रक्रिया यांसाठी दवाखान्यात यावेच लागते, आणि ती वेळ आली तेव्हा कॅरियरची भीती जशीच्या तशी असेल तर आजारी मांजराला त्याच अवस्थेतून जावे लागेल. शिवाय दिवाणाखाली शिरलेल्या मांजराला परक्या माणसासमोर ओढून काढले, तर घर ही तिची एकमेव सुरक्षित जागाही डळमळीत होते. म्हणून मनीसाठी माझा सल्ला असा आहे: तुमच्या डॉक्टरांशी बोलून गॅबापेंटिनची घरी चाचणी घ्या, सराव आजपासून सुरू करा आणि औषधाच्या आधाराने लसीची तारीख घ्या. रेबीजची लस आधीच लांबली असल्यामुळे सराव पूर्ण होण्याची वाट पाहत ती महिनोन् महिने पुढे ढकलू नका. तिचा सराव अर्धवट असताना जावे लागले तर त्या दिवसासाठी दुसरे कॅरियर उसने आणा, म्हणजे सरावाच्या कॅरियरशी नवा वाईट अनुभव जोडला जाणार नाही.

तातडीची वेळ मात्र वेगळी. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतो आणि लघवीचा थेंब येत नाही, मांजर तोंड उघडून धापा टाकते आहे, किंवा चोवीस तासांहून अधिक काळ काहीच खाल्लेले नाही, अशा वेळी सराव आणि सवड यांचा विचार करू नका. मांजर असलेल्या खोलीचे दार लावा, शक्य तर लपायला जागा नसलेल्या न्हाणीघरात त्याला आणा, कॅरियर उभे करून दार वरच्या बाजूला घ्या, मांजराला मोठ्या टॉवेलमध्ये सर्व पाय आत घेऊन गुंडाळा आणि मागच्या पायांकडून टॉवेलसह आत सोडा. वरचे दार असेल तर आणखी सोपे जाते. धापा टाकणाऱ्या मांजराला मात्र घट्ट गुंडाळू नका आणि त्याच्यामागे धावपळ करू नका. त्याला श्वासाची जेवढी ताकद उरली आहे ती झटापटीत जाते.

परत आल्यावरची एक गोष्ट दोन मांजरे असलेल्या घरात हमखास विसरली जाते. मनीच्या अंगाला दवाखान्याचा वास येत असतो आणि तुमचा बोका तिला परकी समजून तिच्यावर धावून जाऊ शकतो. तिला काही तास, शक्य तर रात्रभर, वेगळ्या खोलीत पाणी, ट्रे आणि तिची गोधडी देऊन ठेवा. औषधाचा अंमल उतरून तिची चाल नीट झाली, तिने स्वतःला चाटून साफ केले, की दोघांमध्ये दार किलकिले करून पाहा. कॅरियर धुऊन पुन्हा त्याच्या जागी उघडे ठेवा आणि तिचा रोजचा खाऊ काही दिवस परत तिथेच द्या, जरी ती पहिले दोन-चार दिवस लांबून वळसा घालून गेली तरी. दोघांची फिस्काफिस्की दोन दिवसांनंतरही थांबली नाही तर त्यांना जबरदस्तीने एकत्र आणू नका. पुन्हा वेगळे ठेवा, एकाचा कपडा दुसऱ्याच्या खोलीत ठेवून वासाची ओळख नव्याने करून द्या आणि तुमच्या डॉक्टरांना कळवा.